वळसा

ती. आईस,

साष्टांग नमस्कार, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांनाही.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. काम तेच, दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी तपासायच्या. वाटेत काहीच दिसत नाही, पण लहरींच्या कंपनाची दिशा वळलेली असते. त्यावरून ओळखायचं, मध्ये चुंबकीय क्षेत्र आहे. बाबा गेल्यावर त्यांची खाट काढली, तरी तू तिथून वळसा घालूनच जातेस ना, तसंच.

काल खोली झाडायला बाई आल्या. पलंग आणि खिडकीच्या मध्ये नुसती मोकळी फरशी आहे. तेवढ्या जागेला त्या वळसा घालून गेल्या. मी काही विचारलं नाही, कारण आठवडाभर मीही तशीच चालतेय.

घाबरू नकोस. एवढंच कळव, घरी तुला आता सरळ जाता येतं का?

तुझी धाकटी