शीरीनचा पेपर

सेंदाई, जपान, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी शीरीन इराणची, पीएचडीचं शेवटचं वर्ष, विषय बॅटरीचा. तिकडच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडल्यापासून तिचा फोन टेबलावर उताणा पडलेला असतो. आई इस्फहानला, आणि तिथलं इंटरनेट बंद.

आज सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्रोफेसरांनी, मला बोलावलं. "सध्या वातावरण नाजूक आहे. ओसाकाच्या परिषदेत शीरीन-सानचा पेपर तुम्ही वाचलात तर सगळ्यांनाच सोपं जाईल." इतकं अदबीनं, की नाही म्हणायला जागाच नाही. बॅटरीचा आणि बॉम्बचा काय संबंध? "उद्या सांगते," म्हणून बाहेर आले. शीरीन फोनकडेच बघत होती. तिला काय सांगणार? नुसता चहा दिला.

घरी आल्यावर पुण्याला बाबांना फोन लावला. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेनं त्यांना व्हिसा नाकारला होता. त्यांचा विषय काय, तर भातावरचे रोग! तिथल्या परिषदेत त्यांचा पेपर दुसऱ्याच कुणीतरी वाचला.

"तो माणूस आठवतो, बाबा?"

"आठवतो की. भला माणूस. म्हणून तर लगेच हो म्हणाला."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांनीही सल तसाच!

ठरलं. पेपर शीरीनच वाचेल, नाहीतर ती वेळ रिकामी राहील, आणि ती का रिकामी आहे हे मी उभी राहून सांगेन. मार्चनंतर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही तर नाही.

उद्या मला भलं व्हायचं नाहीये.