मीटरबाईंचा पहिला नंबर

६ जानेवारी

ती. ताईस,
घुम्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तिकडे जीव रमतो का, असं विचारलंयस. रमतो. गावात लिफ्ट एकूण चार. इस्पितळात एक, कोर्टात एक, हॉटेलात एक आणि कापडाच्या दुकानात एक. चारही माझ्या देखभालीत आहेत आणि चारही चालू आहेत, त्यामुळे मला काम असं नाही. निवृत्तीनंतर कंपनीने ही जागा दिली तेव्हा तू म्हणाली होतीस की मी तिथे भिंतींशी बोलायला लागेन. तसं झालेलं नाही. इथल्या भिंतींवर चित्रं असतात. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लॉन्ड्रीवाला इस्त्रीची टेबलं बाजूला सरकवतो आणि गावातले चित्रकार तिथे आपली चित्रं मांडतात. या खेपेला सतरा होती, त्यातली अकरा एकाच पुलाची. पूल तसा लहान आहे.

शनिवारी संध्याकाळी पाचला लाकडाच्या वखारीमागच्या शेडमध्ये गाणंबजावणं असतं. वखारवाला खुर्च्या मांडतो, कमी पडल्या तर फळ्या टाकतो. चष्म्याच्या दुकानाचे मालक बासरी वाजवतात, दाताचे डॉक्टर व्हायोलिन आणि कोर्टातल्या टायपिस्टबाई ड्रम. टायपिस्टबाईंचा हात चांगला बसलेला आहे. मध्ये चहा मिळतो. मी एकही शनिवार चुकवत नाही.

कान गेल्यापासून दोन वर्षं तू घरात गाण्याचं नाव काढू देत नाहीस हे मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या बाईला गाणंच ऐकू येऊ नये, याला काय म्हणावं ते मला कळत नाही. पण मी ठरवलं आहे की दर शनिवारी जे होईल ते तुला लिहून कळवायचं. नको असेल तर वाचू नकोस. परवा चष्मेवाल्यांची बासरी सुरुवातीला छान होती. मग थोड्या थोड्या वेळाने तिला धाप लागल्यासारखं व्हायला लागलं. कोर्टातल्या लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर असंच करायचं, पण त्याला तेल पुरलं.

इकडे सर्व क्षेम. लोभ आहेच तुझा, तो अधूनमधून लेखी दाखवत जा.

तुझा,
घुम्या

---

१५ जानेवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या दुप्पट रागावणं.

बासरीला धाप लागली हे काय वर्णन झालं? किती वेळाने लागली? ओळ संपल्यावर की ओळीच्या मध्येच? श्वास घेताना त्यांचे खांदे वर जातात का? तू समोर बसला होतास ना, मग बघायला काय झालं होतं? लिफ्टमध्ये बिघाड झाला की तू जिन्यावर उभा राहून तिला धाप लागली असं सांगतोस का?

मला ते सगळं ऐकायचं आहे असं मुळीच नाही. पण पत्र लिहायचं तर नीट लिही. ड्रम वाजवणाऱ्या बाई पायाने ठेका धरतात की मानेने, तेही लिही.

माझं काय चालणार? कानाचं यंत्र लावलं की सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं, म्हणून ते डब्यात ठेवलं आहे. शिकायला कोणी येत नाही. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस पोरी यायच्या, आता बहिऱ्या बाईकडे गाणं शिकायला कोण कशाला येईल? त्यात त्यांची चूक नाही. माझा दिवस मात्र फार लांब झाला आहे. तू म्हणशील इकडे ये. येऊन काय करू? लोक तोंडं उघडतात नि मिटतात ते बघत बसू?

थंडीत मफलर वापर. रागावले तरी माया कमी झाली असं समजू नये.

तुझी,
ताई

---

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी एका भानगडीत सापडलो आहे आणि ती तुझ्यामुळे झाली आहे.

तू मधल्या एका पत्रात लिहिलंस की खांदे वर जात असतील तर चष्मेवाले छातीत श्वास भरतात, त्यांना पोटात भरायला सांग. मी ते जाऊन सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, कारण माझ्या घरातल्या गोष्टी गावभर कशाला करायच्या? दोन शनिवारांत त्यांची धाप थांबली. मग दाताचे डॉक्टर मला गाठून आपल्या मनगटाबद्दल विचारायला लागले. ते मी तुला विचारलं, तू कळवलंस, मी त्यांना सांगितलं. आता गावात मला जाणकार म्हणतात. मी शेडमध्ये शिरलो की पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी करून देतात. टाळी वाजवायच्या आधी लोक माझ्याकडे बघतात. मी कोर्टाच्या लिफ्टचा विचार करत बसलेलो असतो, तर सगळी शेड गप्प.

हे इथवर ठीक होतं. आता मार्चच्या तिसऱ्या शनिवारी गावाची वार्षिक गाण्याची स्पर्धा आहे. दरवर्षी निवृत्त मुख्याध्यापक परीक्षक असायचे, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. सर्वांनी एकमताने मला परीक्षक केलं. मी नाही म्हणालो तर तो माझा विनय ठरला. मी पुन्हा नाही म्हणालो तर विनय आणखी वाढला.

ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. उघडकीला आलं तर मला शनिवारी त्या शेडमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि मला ती शेड हवी आहे. इथे त्या खुर्चीवर बसलो की आपण कुठले तरी आहोत असं वाटतं. तू ये. माझ्या शेजारी बस. तू एक खुणेचा शब्द लिहिलास तरी माझं काम होईल.

लोभ असला तर आत्ताच उपयोगी आहे.

तुझा अडकलेला,
घुम्या

---

१८ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी त्यांची तुला गरजच आहे.

मी येणार नाही. ज्या बाईला दाराची कडी वाजलेली कळत नाही तिने गाण्याला नंबर द्यायचे, हे ऐकून लोक हसतील, आणि बरोबर हसतील. तू सरळ जाऊन खरं काय ते सांग.

हे काल लिहिलं होतं. आज पुढे लिहिते. मी रात्री विचार केला. गाणारा माणूस कसा उभा राहतो, जबडा सोडतो की आवळतो, श्वास कुठे घेतो आणि किती पुरवतो, मान कुठे ताणतो, हे सगळं दिसतं. निम्मं गाणं दिसतं. वर्गात साठ मुलं गात असताना कोण चोरी करतंय ते मी डोळ्यांनीच पकडायचे. तेव्हा वेळ निभावून नेता येईल.

मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारच्या बसने येते. मी तुझी बहीण, हवापालटासाठी आले, एवढंच सांगायचं. मी मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीने दहापैकी गुण लिहीन, ते तू आपल्या कागदावर उतरवायचे. एक अक्षर बोलायचं नाही. आणि माझ्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेव, फळी चालणार नाही.

खरं सांगायचं तर मी दोन दिवस पिशवी भरते आहे. यातलं कोणाला बोलू नकोस.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.

तुझी,
ताई

---

२२ मार्च

घुम्या,

आशीर्वाद नंतर देईन.

बसमध्ये तीन तास मी तू दिलेला तो कागद हातात धरून बसले होते. निकाल लागला आणि सगळ्या शेडचे चेहरे तोंडात मारल्यासारखे झाले. चष्मेवाल्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली ठेवले. मी तुला खुणेने विचारलं, तू मान हलवलीस. शेवटी बसस्टँडवर मी तुझा हात धरून उभी राहिले तेव्हा तू कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलंस, की ज्या पाण्याचे मीटर वाचणाऱ्या बाईंना मी दहापैकी नऊ दिले त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बेसूर गायल्या. थोड्याथोडक्या नाही. वखारीतला कुत्रा उठून गेला असं तूच लिहिलंस.

मी काय बघितलं ते सांगते. ती बाई पाय रोवून उभी राहिली. जबडा मोकळा, मान सैल. एका श्वासात तिने चार ओळी काढल्या, खांदा तसूभर हलला नाही. एकतीस वर्षांत इतका श्वास मी तिघींपाशी बघितला. दिवसभर लोकांचे जिने चढते, म्हणून असेल. मला वाटलं आतून काय सूर येत असेल! डोळे भरून आले माझे. मला ऐकू येतंय असंच वाटलं क्षणभर.

आणि तुला ऐकू येत होतं, घुम्या. तुला कळत होतं. तरी तू शेजारी ढिम्म बसून नऊचा आकडा उतरवून घेतलास. मला कोपराने ढोसलं का नाहीस? माझं हसं झालं ते सोड. त्या बाईचं किती हसं झालं असेल!

मी यापुढे गाण्याच्या वाटेला जाणार नाही, बघायलाही नाही. शनिवारची पत्रं पाठवू नकोस.

ताई

---

३० मार्च

ती. ताईस,
घुम्याचा नेहमीपेक्षा लांब सा. न. वि. वि.

हे शनिवारचं पत्र नाही, मुद्दाम गुरुवारी लिहितो आहे.

मी कोपर का मारलं नाही? तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी तू मागे बसून डावीकडे वळ म्हणालीस आणि मी सायकल डावीकडे वळवली. तिथे गटार होतं आणि ते मला दिसत होतं. तू नऊ लिहिलंस तेव्हा मला वाटलं, मला जे बेसूर वाटतंय तेच बहुधा उच्च प्रतीचं गाणं असेल. चूक माझी आहे. तुला वाईट वाटलं याचं मला फार वाईट वाटलं. तीन दिवस मी नीट जेवलो नाही, हेही लिहून ठेवतो.

सोमवारी मी वखारवाल्याकडे जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलं. गुण बहिणीने दिले, तिला ऐकू येत नाही, मला कळत नाही. दोन तास चर्चा झाली. दुसरा नंबर आलेल्या दाताच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की निकाल फिरवावा. पण चषकावर नाव कोरून झालं होतं, म्हणून तो तसाच राहिला. मला परीक्षकपदावरून काढलं आणि खुर्च्या मांडायच्या कामावर घेतलं. चष्मेवाले मला म्हणाले की श्वासाचा सल्ला तरी खरा होता, आणि त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे.

काल मीटरबाई माझा मीटर वाचायला आल्या. आधी त्यांनी आकडा लिहून घेतला. मग विचारलं की चुकून झालं का. मी हो म्हणालो. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांनी सांगितलं की अकरा वर्षं त्या स्पर्धेत गातात, आपण बेसूर आहोत हे त्यांना माहीत आहे. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं करून फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं, आवाज काढायचा नाही. तेव्हापासून गायची हौस तेवढी राहिली, शिकवलं कोणीच नाही. मग त्यांनी विचारलं की तुमच्या बहिणीने नऊ दिले ते काय बघून. मी तू लिहिलेलं वाचून दाखवलं, जबडा, मान, चार ओळी. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

त्यांना तुझ्याकडे शिकायचं आहे. मी म्हटलं तिला ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, तेच बरं आहे. ज्यांना ऐकू येतं अशा तीन मास्तरांकडे त्या जाऊन आल्या, तिघांनी दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं. मी म्हटलं, सूर चुकला तर तिला कळणार कसं? तर त्या म्हणाल्या, तुम्हाला तर कळतो ना, तुम्ही सांगा. मंगळवारी त्यांना सुट्टी असते.

मी त्यांना अजून काही कबूल केलेलं नाही. लोभ उरला असेल तर दोन ओळी टाक.

तुझा,
घुम्या

---

५ एप्रिल

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही याच्यातच धर.

ओठ हलवायला सांगायचे ते मीसुद्धा, घुम्या. दरवर्षी दोन-तीन पोरं असायचीच. संमेलनात गाणं चांगलं व्हावं म्हणून मी त्यांना मागच्या रांगेत उभं करायचे आणि हळूच कानात सांगायचे, तू नुसते ओठ हलव हं बाळ. प्रेमाने सांगायचे, म्हणजे त्यात काही वाईट आहे असं माझ्या कधी मनातही आलं नाही. एकतीस वर्षांत किती झाली असतील? तुझं पत्र वाचलं आणि दुपारभर मला त्यांचे चेहरे आठवत होते. नावं आठवली नाहीत. मला माझी फार लाज वाटली आणि मी खूप रडले.

मीटरबाईंना सांग, मी बहिरी आहे, म्हातारी आहे, तापट आहे. सूर लागेलच असं वचन देत नाही. पहिले दोन महिने एकच स्वर लावायचा. तू समोर बसायचं आणि वर गेला की हात वर, खाली आला की हात खाली. माझ्याकडे बघून नाही, स्वतःच्या कानाने. तुला बरोबर वाटेल तेव्हाच हात स्थिर ठेवायचा, मी डोळे वटारले तरी.

आवाज मोठा असला तर असू दे म्हणावं. शेजाऱ्यांचं मी बघून घेईन.

सकाळच्या बसने निघालात तर अकरापर्यंत पोचाल. आल्यावर कडी वाजवू नका, मला कळणार नाही. मंगळवारी मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसते. सरळ आत या.

तुझी,
ताई