वरून उघड्या भिंती

बिश्केक, १४ ऑक्टोबर

प्रिय नुरझादा,

तुला भरभरून आशीर्वाद. तिकडे रशियात एव्हाना बर्फ पडला असेल. कान झाकून घराबाहेर पडत जा, लहानपणापासून तुझेच कान ठणकतात. मी बरी आहे, बेगिमाय बरी आहे. गुडघा सोडला तर माझी कसली तक्रार नाही.

फोन करायचा सोडून थोरल्या बहिणीनं, तुझ्या एजेनं, पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. बाई गं, या घरात मनातलं फोनवर बोलायची सोय नाही. आमच्या शिलाई कारखान्याची राहती जागा केली, तेव्हा कापड कापायच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या पाडल्या. पण गरम पाण्याचे पाइप छताजवळून जातात. त्यांची ऊब सगळ्यांना मिळावी म्हणून भिंती वरून उघड्याच ठेवल्या. ऊब मिळते, आणि तिच्याबरोबर शेजाऱ्यांची शिंक, घोरणं, नवराबायकोची भांडणंही मिळतात. परवा आमच्यातले वडीलधारे तुरात अक्सकाल आपल्या खोलीत जांभई देताना "या अल्ला" म्हणाले, तर पलीकडच्या खोल्यांतून "आमीन" आलं! म्हणून हे पत्र शेजारच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय.

कोपऱ्यातली खोली रिकामी झाली का, असं तू बेगिमायला विचारलंस म्हणे. झाली. सोनुन म्हातारी मुलाकडे राहायला गेली. पण नुरझादा, ही जागा तुझ्यासारखीला मानवायची नाही. सगळ्यांत मिळून स्वयंपाकघर एकच, आम्ही जिथे कोटांना इस्त्री करायचो तिथे. चुलीसाठी रांग. लागमानच्या शेवया ओढायला घ्याव्यात, तर दहाजणी शहाणपण शिकवायला येतात. रविवारी सगळ्यांनी मिळून खिमा भरून मांती वळायच्याच, भूक असो नसो. गेल्या रविवारी बेगिमायनं मांतींना अशा सुबक मुरडी घातल्या की रायकान म्हणाली, "अनारा, लेक हातानं तुझ्यावर गेली हो!" रायकान माझ्याशेजारच्या मशीनवर बसायची, तिला सगळं ठाऊक आहे. तरी म्हणाली. मला बरं वाटलं.

आणि हे घर काही आभाळातून पडलेलं नाही. कारखाना बंद पडल्यावर इथे नुसती कबुतरं होती. त्यांची घाण आम्ही बायकांनी फावड्यानं ओढली, खिडक्यांना काचा बसवल्या, मोरीचे पाइप खांद्यावरून वर नेले. तेव्हा कुणी आलं नाही. आता मात्र आयत्या बिळावर नागोबा व्हायला सगळे तयार. तुला नाही म्हणत, म्हण आपली तोंडावर आली.

शिवाय खोली कुणाला द्यायची ते स्वयंपाकघरात चहावर ठरतं. सगळ्यांनी हो म्हणावं लागतं. एकाचा जरी नकार आला तरी नाही म्हणजे नाही. ज्यांचं सगळं एकमेकांना ऐकू जाणार, त्यांना एकमेकांची निवड करू द्यावी, असं अक्सकालांचं म्हणणं. इथले लोक फार चोखंदळ आहेत. मी तुझ्यासाठी शब्द टाकीन, पण फार आशा धरू नकोस.

तू पाठवलेला लाल कोट बेगिमाय रोज घालते. जन्मभर कोट शिवणाऱ्या बाईच्या घरात विकतचा कोट! खांद्याला शिवण ओढतेय, असं मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "असू दे, उबदार आहे."

तुझी एजे,
अनारा


बिश्केक, २ नोव्हेंबर

नुरझादा,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. इथले लोक मुळीच चोखंदळ नाहीत. रविवारी चहावर तुझं नाव निघालं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. नाही म्हणाली ती एकटी मी.

"अगं, सख्खी बहीण ना तुझी?" रायकाननं विचारलं.

"म्हणूनच सांगते. तिला माणसांत राहायची सवय नाही."

"आणि तुला आहे?" अक्सकाल म्हणाले. "सकाळ झाली की आमच्यावर खेकसतेस. तरी ठेवलीच ना तुला आम्ही!"

सगळे हसले. मी म्हटलं, माझं नाही ते नाही.

का, ते आता लिहिते. बेगिमाय कॉलेजातून आली की सोनुनच्या रिकाम्या खोलीत जाऊन तुला फोन लावते. तिथे एकांत मिळतो अशी तिची समजूत. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणारी पोर तुझ्याशी खिदळत असते. गेल्या महिन्यात एकदा तिनं तुला "अपा" म्हटलं. आईला मारायची ती माझी हाक, नुरझादा! मी बटाटे सोलत होते. सोलता सोलता अख्खा बटाटा कधी संपला ते मला कळलं नाही. जीव नुसता जळत होता. पहिलं पत्र लिहितानाही जळतच होता, म्हणून तर चुलीची रांग वगैरे लिहीत बसले.

तू तिला माझ्या ओटीत घातलंस तेव्हा तिची नाळही वाळली नव्हती. आपल्यात थोरल्या बहिणीची कूस रिकामी असली की धाकटी देते, आणि पुढे त्यावर कुणी बोलत नाही. मीही बोलले नाही. तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही. बहुतेक आरशानंच सांगितलं असेल, गाल थेट तुझे आहेत. गोवर आला तेव्हा रात्रंदिवस मी जागले, शाळेचे सगळे कपडे मी शिवले, आणि हसायला मात्र तिला तू लागतेस. हे मला सोसत नाही. मोठी बहीण असून सोसत नाही, लिहूनच टाकते.

माझा नकार तिच्या कानावर जाणारच होता. मी कुठे हळू बोलते! ती स्वयंपाकघरात आली, माझ्याशेजारी बसली.

"अपा, एजे इथे येऊ शकत नसेल तर मी तिकडे जाईन."

"कशाला?"

"तिला बघायला. मी तिला नुसती ऐकलीय."

सगळ्यांदेखत तिनं तुला मावशीला म्हणतात तसं एजे म्हटलं, माझी लाज राखली. फोनवर तिनं तुला अपा म्हटलं होतं, त्याहून हे मला जास्त लागलं. मग तिनं आधी मला चहा ओतला. रुसली नाही, आदळआपट केली नाही. असा शांतपणे हट्ट तू करायचीस. तूही अशीच शांतपणे रशियाला निघून गेलीस. मला कळून चुकलं, ही बोलली म्हणजे जाणारच.

काल अक्सकालांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "माझं नाही मागे घेते."

"पोटदुखी थांबली वाटतं?"

"थांबली नाही. पण पोर गेली तर नुसती पोटदुखी घेऊन काय करू?"

पलीकडच्या खोलीतून रायकान म्हणाली, "आता कशी शहाण्यासारखी बोललीस." बघ, असं हे घर.

तेव्हा ये. खोली कोपऱ्यातली आहे, पाइप शेवटी पोचतो, जाड रजई आण. पडदे मी शिवून देणार नाही, कापड आणलंस तर बघू. तिचा सकाळचा चहा मी ओतते, तो मीच ओतीन. तिला ताप आला तर उशाशी मी बसेन, तू रस्सा कर. तू तिला काय सांगायचं ते सांग. मी भिंतीपलीकडून ऐकणारच आहे, पण मध्ये बोलणार नाही.

एकच मागते. कधी ती स्वयंपाकघराच्या दारातून "अपा" अशी हाक मारील. आपल्या दोघींची मान वळेल, ते काही मला थांबवता येणार नाही. पण नुरझादा, तू जरा उशिरा वळ.

अनारा