पोटातल्या नाण्याची व्यवस्था

आज मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. मी, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिसरे केळे खात आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पोटाची खात्री देत नाही. कोणाच्याही दबावाखाली नाही, परंतु नाणे आपणहून बाहेर न आल्यास उद्या सकाळी घशातून दुर्बीण घालणार आहेत त्या धास्तीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. काल मामांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात मी मुकुटवाल्या राणीचे चांदीचे नाणे तपासत होतो. वजन कमी भरले. एका हातात भिंग, दुसऱ्यात नाण्यांचे पुस्तक, म्हणून नाणे दातांत धरले. मामा म्हणाले, "अरे, शंभर वर्षं लोकांच्या खिशात घासलीय ती. झिजणार नाही तर काय बाळसं धरणार?" आणि पाठीत थाप मारली. नाणे गिळले गेले.

२. एक्स-रेमध्ये नाणे पांढरे दिसते, पण काठाजवळ काळा ठिपका आहे. म्हणजे कोणीतरी गळ्यात घालायला भोक पाडले होते; मग लाखेने बुजवून वर चांदीचा रंग फासला. अशा नाण्याला अखंड नाण्याच्या पाव किंमतही येत नाही. मामा म्हणाले, "भोक नाण्याला नाही, तुझ्या डोक्याला आहे!" एक्स-रेवाला म्हणाला, "काका, डोक्याचा फोटो वेगळा. त्याचे पैसेही वेगळे."

३. हेच नाणे मामांनी अखंड म्हणून निवृत्त मास्तरांना बारा हजारांना ठरवले असून पाच हजार आधीच घेतले आहेत. मी जगो वा न जगो, नाणे बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुवावे, टिपावे, घासू नये, आणि एक्स-रेसकट मास्तरांना दाखवावे. माझी खरी इच्छा एवढीच. बाकीची कलमे रीत म्हणून.

४. माझी तांब्याची चौदा नाणी ताईला. तिने ती प्रेमाने लिंबू लावून लख्ख केली. जुनेपणाचा रंग गेल्याने आता त्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे वाटणीवरून भांडण होणार नाही.

५. भिंग मामांना द्यायचे होते. परंतु साक्षीदाराला काही ठेवू नये असे बाकावर शेजारी बसलेल्या एक वकीलबाई म्हणाल्या, आणि मला मामांचीच सही हवी आहे. म्हणून मामांना काही नाही. भिंग मास्तरांना, पुढच्या खरेदीला उपयोगी पडेल.

मामा म्हणाले, "बरं सापडलं रे तुला कलम! आणि मी सही केली तर भोक कबूल केल्यासारखं होईल."

"मामा, साक्षीदार फक्त माझी सही बघतो."

"डोळे मिटून कशावरही सही करायला मी काय गिऱ्हाईक आहे? आण इकडे."

चष्मा लावून त्यांनी सगळे वाचले. मग एक्स-रे खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले. मग पेन मागितले.

स्थळ: दवाखान्याचा बाक. तारीख वरचीच.
लिहून ठेवणार: भाचा (सही)
साक्षीदार: मामा (सही), एक्स-रेवाला (सही)

झालेला खर्च: डॉक्टर ३००, एक्स-रे ४५०, केळी ३०. एकूण ७८०.
देणे: मास्तरांना परत ५,०००. ही ओळ मामांच्या अक्षरात आहे. त्याखाली त्यांनीच लिहिले आहे: थाप माझी होती, ७८० माझ्याकडे. केळी सावकाश खा.