भाजणीच्या शोधात आलेली अकरा सॉफ्टवेअर

बाबा,

कॉम्प्युटर साफ केलाय. अकरा फुकट सॉफ्टवेअर निघाली. त्यातलं एक तुमचे पासवर्ड बाहेर पाठवत होतं. ब्राउझर उघडला की रमी खेळायला बोलावणारी ती बाई आता येणार नाही, हिरमुसू नका. बँकेचा पासवर्ड आजच बदला, आणि या वेळी माझी जन्मतारीख नको. पोळ्या डब्यात आहेत.

खरं तर रागावणार होते. पण अकराही तुम्ही एकाच कामासाठी घेतलेली दिसली: पुसलेलं रेकॉर्डिंग परत मिळवायला. आई चकलीची भाजणी सांगते, ते.

आता शोधू नका, बाबा. ते व्हायरसनं नेलं नाही. मागच्या मार्चमध्ये माझ्या यूपीएससीच्या नोट्सना जागा करताना मीच पुसलं. तेव्हा आई होती, स्वयंपाकघरातच. पुन्हा सांगेल म्हटलं.

अक्षया