पूरक, कुंभक, धक्का, रेचक

पाली,
१४ जुलै २०२५

ती. दादांस,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरनं तुमाला महिनाभर बोलायची बंदी केलीय, म्हणून फोन न करता लिहिते. दुधाच्या गाडीवाल्याकडं चिठ्ठी देतेय. तुमच्या वर्गातली पोरं खूश असतील.

यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यावर बैलं विकली, म्हणून कपाशीच्या कोळपणीला मी पेट्रोलचा वीडर, तण काढायचं यंत्र, घेतला. नवं इंजिन, फोर-स्ट्रोक. पहिल्याच ओळीत पांढरा धूर सोडला अन् बंद पडलं. दोरी ओढून ओढून खांदा उतरलाय. पेट्रोलात तेल तर बरोबर मिसळलं होतं, फवाऱ्याच्या पंपात दरसाल मिसळते तसंच.

दीर बंकटभाऊजी बांधावर उभे राहून हसले. म्हणले, वहिनी, ह्याच्यापरीस बैल बरा, हाक मारली तर मान तरी हलवतो. अमावास्येच्या आत कोळपणी झाली न्हाई तर रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला, देणार म्हणतेत. हे नुसते आढ्याकडं बघत पडतेत. एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेलं रान परत येत न्हाई, दादा. काय करू ते कळवा.

तुमची,
वनमाला


बीड,
१५ जुलै २०२५

चि. सौ. वनमालास,
अ. उ. आ.

पोरं खूश आहेत हे खरं, पण तुझी वहिनी त्यांच्याहून खूश आहे. मी पाटीवर लिहून मीठ मागतो आणि नेमका तेव्हाच तिचा चष्मा सापडत नाही.

आता इंजिन. माझी मोटारसायकल चौसाळ्याच्या शाळेच्या वाटेवर इतक्यांदा बंद पडली आहे की गॅरेजवाला माझं स्टूल राखून ठेवतो. तिथं शिकलो ते सांगतो. डॉक्टरांनी मला प्राणायाम लावून दिलाय, त्याच भाषेत. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली येतो, एक झडप उघडते, हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं: पूरक. दट्ट्या वर जातो, दोन्ही झडपा बंद, सगळं कोंडून दाबलं जातं: कुंभक. मग प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो, दट्ट्या जोरानं खाली जातो: हा धक्का. पुन्हा वर, दुसऱ्या झडपेतून धूर बाहेर: रेचक. योगशास्त्रात धक्का नाही, म्हणून योगी कोळपणी करत नाहीत. चौघांत कमावता एकच. उरलेले तिघे जड चाकाच्या गतीवर निभावून नेतात. घरं तरी वेगळी कुठं चालतात?

तुझी चूक अशी. फवाऱ्याचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला तेलाची वेगळी जागा नसते, म्हणून पेट्रोलातून पाजायचं. फोर-स्ट्रोकला बुडाशी तेलाची स्वतःची कोठी असते, आणि नवं यंत्र बहुधा कोरड्या कोठीनंच येतं. जे पाजायचं नाही ते पाजलंस, जे द्यायचं ते दिलंच नाहीस. लवकर बंद पडलं हे नशीब. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भर. कोठीत इंजिनाचं तेल, झाकणाच्या काडीवरच्या खुणेपर्यंत. प्लगची काजळी पूस. मग दोरी हळू ओढून बघ: कुंभकाला ती हाताला अडली पाहिजे. सैल आली तर दट्ट्या गेला समज, आणि त्यावर माझ्याकडे मंत्र नाही.

बंकटरावांना नमस्कार. बोलायची बंदी त्यांनाही लागू होते का, विचारून ठेवतो. लवकर लिही, जीव टांगणीला आहे.

तुझा दादा,
राधाकिशन


पाली,
२३ जुलै २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दोरी अडली. मी तिथंच खाली बसले. मग उठून पुन्हा ओढली, अन् इंजिन लागलं.

काल कोळपणी सरली. आज बंकटभाऊजी बटईवाल्याला संगं घेऊन आलते. ओळीओळीनं तण शोधत हिंडले. घावलं न्हाई. जाताना म्हणले, राहू द्या रान वहिनीकडंच, अन् आमच्या तुरीतूनबी एक फेरा मारून द्या. मी हो म्हणले. न्हाई म्हणायलाबी अंगात जोर लागतो.

रान राहिलं, दादा. म्हणजे आता फवारणी माझी, वेचणी माझी, रब्बीबी माझीच. आज यांनी उठून, भिंत धरत, चहा केला. साखर लई झालती. तरी मी सगळा प्याले.

माया हाय तशीच राहू द्या.

तुमची,
वनमाला