टाळी वाजली की ड्रॉप

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी भांडावंसं मला गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच वाटलं. इथे इंग्लंडात, स्लाऊच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक अमेरिकन बसतो, बेसबॉलवेडा. एका सकाळी तो पेपर टेबलावर आपटून म्हणाला, "माझ्या वडिलांची आवडती गोष्ट आज मोडली." न्यूयॉर्कचा तो जुना सामना, शेवटची इनिंग, हरत आलेला संघ आणि एका फटक्यात तीन धावा. सर, हीच गोष्ट तुम्ही आम्हाला अमरावतीच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस संपली की सांगायचात. रेडिओवरच्या कॉमेंटेटरसारखे बेंबीच्या देठापासून ओरडायचात आणि आम्ही सॉफ्टबॉलच्या पोरी मातीत बसून टाळ्या पिटायचो. आता त्या संघातले म्हातारेच कबूल करताहेत, की मैदानामागच्या खिडकीत दुर्बीण घेऊन त्यांचा माणूस बसायचा, समोरचा कॅचर पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, बोटांनी करायचा त्या खुणा वाचायचा आणि बेल दाबून कळवायचा, आता कुठला बॉल येणार. फटका मारणारा म्हणतो, त्या बॉलला मी खूण घेतलीच नव्हती. असेलही.

मला मात्र आपली राज्य स्पर्धेची फायनल आठवली. शेवटची इनिंग, दोघी बेसवर, बॅट माझ्या हातात. आदल्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत, "पोरी, मी त्यांच्या पिचरचं मनगट वाचतो. टाळी वाजवली की ड्रॉप येणार, खाली उतरणारा; गप्प राहिलो की राईज, वर चढणारा." तुम्ही टाळी वाजवता. बॉल गुडघ्याशी खाली उतरतो आणि मी तो असा मारते की फील्डर नुसती बघत राहते. त्या जिंकण्यावर मला स्पोर्ट्स कोट्यातून इंजिनिअरिंगची सीट मिळाली, सीटमुळे नोकरी, नोकरीमुळे हा देश.

त्याच आठवड्यात शनिवारी आपल्या टीमच्या पिचरला नागपूरला फोन लावला. पेपरातली गोष्ट सांगितली तर ती खो खो हसत सुटली. "अगं, मनगट कसलं? सरांचे मेहुणे बसले होते ना पाण्याच्या टाकीवर, दुर्बीण घेऊन. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर करायचे. ते बघून सर टाळी वाजवायचे."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुला तेवढं सांगू नका म्हणाले होते सर. म्हणाले, ती खेळायची नाही."

सर, मला तिथे लागलं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. सेमीफायनलला टप्पा पडलेला कॅच मी आपणहून अंपायरला सांगितला होता. सगळी टीम माझ्यावर खेकसली, तेव्हा तुम्ही सगळ्यांना झापलंत आणि स्वतःचा ग्लोव्ह माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "हा तुझा. तू कमावलास." माझा खरेपणा तुम्हाला इतका ठाऊक होता, की त्याला वळसा कसा घालायचा हेही ठाऊक होतं. हरल्यावर त्यांची पिचर रडत रडत माझ्याकडे आली होती. हात मिळवून म्हणाली, "भारी वाचलास गं बॉल." मी मान ताठ करून थँक्यू म्हटलं. तिला कुठे सीट मिळाली का, मला माहीत नाही. तिचं नावही विचारलं नव्हतं मी. मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, आपण हरलो असतो आणि ते हरणं माझं असतं. आता जिंकणंही माझं नाही.

काल मुलीच्या शाळेत राउंडर्स होतं, आपल्या सॉफ्टबॉलसारखाच इथला खेळ; आयांनाही उतरवलं. मी बॅट घेऊन उभी राहिले तशी लेक तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "आई, तू असा उभा राहायला कुठे शिकला?"

म्हटलं, "माझ्या सरांनी शिकवलं."

इतके महिने मनात तुम्हाला बोल लावतेय, सर. पण हे सांगताना माझ्या आवाजात अभिमान होता, आणि मला तो लपवता आला नाही.